३९ मिनिटांची गोष्ट



आजची गोष्ट दहा रुपयांच्या दंडापासून सुरू होते. आमच्या एका गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी सात वाजता असते. वेळ आम्हीच ठरवली होती. सातला बैठक, आठपर्यंत बचत आणि हप्ते गोळा, मग ज्या त्या बाईनं आपल्या कामाला जावं. उशीर झाला तर दहा रुपये दंड, आणि लागोपाठ तीनदा उशीर झाला तर कर्जाच्या यादीत नाव खाली. ठराव वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. आम्ही समन्वयक बायांनीही तो कौतुकानं वाचून दाखवला. गट शिस्तीत चाललाय म्हणून आमची मान ताठ.

मग पौष आला. गटातल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या. त्यांच्याकडं ना घड्याळ, ना मोबाइल. दिवस कासराभर वर आला की बैठकीला निघायचं, हा त्यांचा हिशेब. उन्हाळ्यात हा हिशेब बरोबर जुळायचा, उलट त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. थंडीत मात्र मार्गशीर्ष, पौष, माघ असे तीन महिने उशीर झाला. तीस रुपये दंड झाला आणि शेळीसाठी मागितलेल्या कर्जाचं नाव दुसऱ्या पानावर गेलं.

मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, मी रोजच्याच वक्ताला आले. तुमचं घड्याळच पुढं पळालं, तर त्याला मी काय करू?"

तेव्हा आम्ही हसलो. घड्याळ कसं पुढं पळेल? पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही जरा शोधाशोध केली, आणि कळलं की मावशींचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या हजारो कामगारांनी विचारला होता. नुसता विचारला नव्हता, त्यासाठी दगडही उचलले होते.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. सूर्य पूर्वेला आधी दिसतो, पश्चिमेला नंतर. म्हणून नागपूरचा मध्यान्ह आधी होतो, आपला नंतर आणि मुंबईचा त्याच्याही नंतर. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापली असायची. सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा. मोजायला घटिकापात्र होतं, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर ठेवली की हळूहळू भरून बुडते, आणि बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा ६० घटका. लग्नाचा मुहूर्त पूर्वी असाच पाहायचे. आपल्या कन्नडच्या घाटाखाली, चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथं भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. ती वाटीत डोकावली, तिच्या दागिन्यातला मोती आत पडून भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. खरंखोटं कोण जाणे. पण वेळ चुकली की सोसायचं बाईनंच, हे त्या कथेतसुद्धा आहे.

मग आगगाडी आली आणि गावोगावची वेगळी वेळ अडचणीची झाली. मुंबईहून निघालेली गाडी मद्रासच्या हद्दीत शिरली तर वेळापत्रक कुठल्या घड्याळानं छापायचं? रेल्वेनं देशभर मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या सूर्यापेक्षा अर्धा तास पुढं. आपल्याकडं १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेचा मनमाड, औरंगाबाद, जालना असा छोट्या रुळांचा फाटा सुरू झाला. तेव्हाही रेल्वेची वेळ मद्रासचीच होती. इथला सूर्य त्या वेळेच्या वीसेक मिनिटं मागं. म्हणजे आपल्या पणज्या उन्हाचा अंदाज घेऊन स्टेशनात पोचल्या असतील, तर गाडी धूर सोडत निघून गेलेली दिसली असणार!

मुंबईत हे प्रकरण जास्त तापलं. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली हुकूम काढला की सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ पाळायची. लोकांना ते मुळीच रुचलं नाही. त्यात राजाबाई टॉवरचं घड्याळ मध्ये आलं. मुंबई विद्यापीठाचा हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं, आणि नाव दिलं आपल्या आईचं. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं. त्या जैन, सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम. मनोऱ्याचे टोले ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळायची. (आम्हाला ही गोष्ट फार आवडली. मुलानं आईला घड्याळ दिलं ते एवढं मोठं की सगळ्या शहरानं बघावं.) त्या घड्याळावर रात्री दिवे लावायचा खर्च कुणी करायचा, यावरून जुंपली. सरकार म्हणालं, मद्रासची वेळ दाखवा तर पैसे देतो. विद्यापीठ मुंबईच्या वेळेवर अडून बसलं. अखेर १८८३ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि मुंबईची वेळ मुंबईला परत मिळाली.

इथवर ही भांडणं शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांची होती. आता गिरणीकडं येऊ. आमचा जीव तिथंच अडकला.

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातली, घाटावरची हजारो माणसं राबत होती. त्यांत बायाही होत्या, सूत उकलायच्या आणि गुंडाळायच्या खात्यांत. सुट्टीचा दिवस ठरलेला नाही, जेवायची सुट्टी म्हणाल तर मालकाच्या मर्जीची. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली या कामगारांची सभा भरवली आणि एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अगदी साध्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखम झाली तर भरपगारी रजा. आणि एक मागणी अशी की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

मैत्रिणींनो, या शेवटच्या मागणीवर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. सुरुवात घड्याळानं आणि शेवट सूर्यानं, असं का? मग हिशेब केला. मुंबईच्या तेव्हाच्या वेळेनं ऐन थंडीत सूर्य साधारण साडेसहालाच उगवतो. म्हणजे लोखंडे मागत होते ते एवढंच की माणसानं उजेडात घर सोडावं आणि अंधार पडायच्या आत सुटावं. शेतातल्या मजुराला जे आपोआप मिळतं, ते गिरणीतल्या मजुराला अर्ज करून मागावं लागलं.

रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगारांची सभा झाली, आणि त्या सभेत दोन कामगार बाया उठून बोलल्या. १८९० साली, एवढ्या गर्दीपुढं! आपल्याकडं आजही ग्रामसभेत उठून बोलायला बाईचे पाय लटपटतात.

वेळेची मागणी मात्र तशी पुरी झाली नाही. १८९१ च्या कायद्यानं बायांना दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. पुरुषांना ती १९११ च्या कायद्यापर्यंत नव्हतीच, आणि तेव्हा मिळाली ती १२ तासांची. त्यात १९०५ च्या आसपास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. सूर्य मावळला की काम थांबणार, हा जुना आधारही गेला.

नेमकं अशा वेळी सरकारनं सगळ्या देशाला एक वेळ दिली. मिर्झापूरजवळून जाणारी रेघ धरून इंग्लंडच्या ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढची. हीच आज आपली भारतीय प्रमाणवेळ, जिला पूर्वीची माणसं 'स्टँडर्ड टाइम' म्हणायची. रेल्वेनं ती १ जुलै १९०५ पासून घेतली, आणि बाकी सरकारी कारभारात ती १ जानेवारी १९०६ पासून आली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढं.

३९ मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं कचेरीतल्या माणसाला वाटेल. आपण बाईच्या नजरेनं बघू. गिरणीचा भोंगा साडेसहाचा आहे असं धरा. नव्या घड्याळाचे साडेसहा म्हणजे जुन्या घड्याळाचे पाच वाजून एक्कावन्न मिनिटं. महिना जानेवारीचा. सूर्य उगवायला अजून पाऊण तास. त्याआधी घरापासून गिरणीपर्यंत चालायचं. त्याच्याही आधी चूल पेटवायची, भाकरी बडवायची, चाळीच्या नळावर नंबर लावायचा, पोरं शेजारणीच्या हवाली करायची. म्हणजे बाई उठणार कधी? आणि संध्याकाळी ही ३९ मिनिटं तिला परत मिळतील, याची हमी कोण देणार? दिवे तर आता विजेचे होते.

त्या जानेवारीत मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी काम करायला नकार दिला. गिरण्यांवर दगड पडले. शहरात सभा झाल्या आणि पंधरा हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. दगड मारणं बरोबर, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याला वेळ ठरवताना कुणी विचारलं नाही, त्याचं म्हणणं ऐकायला कुणी बसलंही नव्हतं.

अखेर मुंबईच्या म्युनिसिपालिटीनं १९०६ मध्येच ठरवलं की आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवायची. मग सुरू झाली खरी गंमत. रेल्वे, तार, सरकारी कचेरी यांचं घड्याळ एक आणि म्युनिसिपालिटीचं दुसरं. एकाच शहरात दोन वेळा, आणि हे चाललं तब्बल १९५५ पर्यंत! देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, तरी मुंबईची ३९ मिनिटं मागं असलेली घड्याळं तशीच चालत होती. कुणाला भेटायचं ठरलं की विचारावं लागायचं, कुठल्या टाइमनं?

मध्ये आणखी एक फेरा आला. दुसऱ्या महायुद्धात वीज आणि कोळसा वाचवायचा म्हणून १ सप्टेंबर १९४२ पासून देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढं ढकललं. ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसंच राहिलं. त्या घड्याळानं मुंबईत जानेवारीतला सूर्य सव्वाआठच्या आसपास उगवायचा. आपल्या देशानं घड्याळ मुद्दाम पुढं केलं ते युद्धाच्या काळात. 

परदेशात मात्र हे दरवर्षी चालतं. १९१६ साली पहिल्या महायुद्धात जर्मनीनं सुरुवात केली, काही आठवड्यांत इंग्लंडनंही तेच केलं. उन्हाळा आला की घड्याळ एक तास पुढं, थंडी आली की मागं. त्यांच्याकडं ते का चालतं, हेही समजण्यासारखं आहे. लंडनमध्ये उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि थंडीतला सगळ्यात लहान जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडं हा फरक सव्वादोन-अडीच तासांचाच, त्यामुळं तेवढी गरज पडत नाही.

तरी त्यांचं घड्याळ फिरलं की आपल्या ओसरीवर कळतंच. आमच्या एका ताईंची लेक अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिकडं रात्री नऊ वाजता, लेकरू झोपलं की ती आईला व्हिडिओ कॉल करते. थंडीत तो इथं सकाळी साडेसातला येतो, तेव्हा ताई निवांत चहा घेत असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पुढं जातं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन साडेसहाला येतो. तेव्हा ताई गोठ्यात, हात शेणात. पहिल्या वर्षी त्यांनी आठवडाभर फोन उचललाच नाही, आणि लेकीला वाटलं आई रुसली. आता त्यांनी कॅलेंडरवर खूण केलीय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीही एक आहे.

घड्याळ पुढं करणं नेहमीच गरिबाच्या मुळावर येतं, असंही नाही. आसामात सूर्य फार लवकर उगवतो, जूनमध्ये साडेचारच्या सुमारास. तिथल्या चहामळ्यांत पानं खुडायचं काम मुख्यतः बाया करतात. तिथं घड्याळ देशाच्या वेळेपेक्षा एक तास पुढं ठेवायची जुनी रीत आहे, तिला 'बागान टाइम' म्हणतात. काम लवकर सुरू, लवकर बंद, म्हणजे परत येताना उजेड असतो. घड्याळ तिथंही पुढंच गेलं. फरक एवढाच की तिथं ते उजेड बघून लावलंय.

आता परत आपल्या मावशींकडं.

आम्ही माघातल्या एका दुपारी गटाच्या बायांना घेऊन मंदिरापुढच्या पटांगणात एक सरळ काठी रोवली आणि सावलीच्या टोकावर खडे ठेवत बसलो. सावली सगळ्यात आखूड झाली म्हणजे खरा मध्यान्ह. पैज लागली होती, आणि बहुतेकींचं म्हणणं होतं की बाराला. बारा वाजले, सावली आखूड होतच होती. साडेबारा वाजले, तरी तेच. पाऊण वाजायला दोनचार मिनिटं असताना ती थांबली आणि मग दुसरीकडं वाढू लागली. मोबाइल पुन्हा पुन्हा बघून झाले. खरं तर यात नवल काहीच नाही. मिर्झापूरच्या रेघेपासून आपण पश्चिमेला आहोत, त्यामुळं आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २९ मिनिटं मागं चालतो. त्यातही माघात जास्त मागं, दिवाळीच्या सुमारास कमी. जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवतो तोच सातनंतर. म्हणजे आमची सातची बैठक पौषात अंधुकातच सुरू होत होती, आणि आम्ही एका म्हातारीला उजेडात आली म्हणून दंड करत होतो.

पुढच्या बैठकीत विषय घेतला. सगळ्या लगेच तयार झाल्या असं नाही. एकीचं म्हणणं बरोबर होतं: "मला साडेसातला कंपनीची गाडी असते, आठची बैठक मला चालायची नाही." वाळूजच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्या दोघी आहेत, त्यांचं घड्याळ कंपनीचं. दुसरी म्हणाली, आज वेळ बदलली तर उद्या प्रत्येक जण आपला सूर्य घेऊन येईल. बराच गलका झाला. शेवटी ठराव झाला तो असा. दिवाळीपासून होळीपर्यंत बैठक सकाळी आठला, होळीनंतर पुन्हा सातला. कंपनीत जाणाऱ्या दोघींनी थंडीच्या महिन्यांत आपली बचत आदल्या संध्याकाळी सचिवांकडं द्यावी, त्यांची हजेरी धरावी. थंडीत झालेला उशीर कर्जाच्या यादीसाठी मोजायचा नाही.

दंडाचे तीस रुपये परत द्यायचं निघालं, तर मावशींनीच नको म्हटलं. "वहीत लिवलंय ते राहू द्या. माझं नाव तेवढं पहिल्या पानावर घ्या." नाव घेतलं. शेळी चैत्रात आली.

जाता जाता एक काम सांगतो. येत्या रविवारी तुमच्या गटानं अंगणात काठी रोवून बघा. सावली सगळ्यात आखूड कधी झाली, ती वेळ गावाच्या नावासकट वहीत लिहा. जालन्याकडच्या बायांची सावली वैजापूरच्या बायांपेक्षा चार-पाच मिनिटं आधी आखूड होईल. तारीख मात्र सगळ्यांनी तीच ठेवा, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत. सगळ्या वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण त्या याच कार्यक्रमात वाचू.